चाकांवरचे बिऱ्हाड : मुक्कामाच्या जागेचा प्रश्न



'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण ज्याला ना घर ना दार अशा माणसाविषयी थोड्या थट्टेने वापरतो. आज ज्या माणसांविषयी आम्ही बोलणार आहोत त्यांचे बिऱ्हाड पाठीवर नाही, चार चाकांवर आहे. ही माणसे अमेरिकेतील. त्यांच्यापाशी मोटार आहे आणि घर नाही. हे वाक्य ऐकले की आपल्याकडे माणूस हसतो, कारण आपल्या हिशेबात घर आधी आणि मोटार मागाहून. तिकडे हा क्रम उलटा का लागला, आणि मोटारीत राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या, महिन्याच्या किंवा हंगामाच्या मुक्कामाला परवडणारी जागा कोठे व कशी मिळते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय परका वाटेल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींची मुलेमुली आज कॅलिफोर्नियात आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळून एल कामिनो रिअल नावाचा हमरस्ता जातो. त्याच्या कडेला माणसे राहत असलेल्या गाड्यांची रांग कित्येक वर्षे दिसत असे. मुलांना भेटायला गेलेले आईबाप ती पाहत आणि विचारत, 'हे लोक कोण? भटके का?' नव्हेत. त्यांतले पुष्कळसे रोज सकाळी कामावर जाणारे लोक आहेत. एवढे कळले की निदान आमच्यासारख्या कामगार चळवळीत केस पांढरे झालेल्या माणसाला तरी विषय परका राहत नाही.

घराआधी मोटार का?

अमेरिकेतील बहुतेक गावांत आगगाडी वा बस यांवर विसंबून कामावर जाता येत नाही. कारखाना एकीकडे, वस्ती दुसरीकडे, मधे वीस-पंचवीस मैलांचा रस्ता. मोटार ही तिथे चैन नव्हे. सुताराचा रंधा जसा, तशी ती कामाला लावणारी वस्तू आहे. आजारपण आले, नोकरी सुटली, संसार मोडला, की माणूस आधी खोली सोडतो आणि मोटार अखेरपर्यंत धरून ठेवतो. कारण मोटार गेली की दुसरे काम मिळण्याची वाटही बंद झाली.

सुटलेली खोली पुन्हा मिळविणे मात्र कठीण. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, वर महिन्या-दोन महिन्यांची अनामत, शिवाय पूर्वी कोणाचे देणे थकविले होते काय याची चौकशी. आपल्याकडच्या पागडीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. महिन्याचे भाडे कसेबसे भरू शकेल असा कामगारही तीन महिन्यांची रक्कम एकदम उभी करू शकत नाही, आणि म्हणून तो गाडीतच राहतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने ठरविलेले किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. ते २००९ साली लागू झाले आणि त्यानंतर एका सेंटानेही वाढलेले नाही. पुष्कळ राज्यांनी आपापले दर याहून वर नेले आहेत हे खरे, पण घरभाडी त्यांच्याही पुढे धावली आहेत.

त्या देशात दर जानेवारीत एका रात्री बेघरांची मोजदाद होते. २०२४ च्या जानेवारीत हा आकडा ७,७१,४८० भरला. निवाऱ्यांत झोपलेले आणि उघड्यावर झोपलेले असे दोन्ही त्यात येतात, आणि मोटारीत झोपणारा 'उघड्यावर' या सदरात पडतो. अर्थात जो मोटारीत झोपतो तो काचांना आतून पुठ्ठे लावून, कोणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने झोपतो. मोजणाऱ्याच्या नजरेस तरी तो किती पडणार?

यांच्याखेरीज आणखी एक वर्ग आहे. २००८ च्या मंदीत ज्यांची घरे गेली, किंवा ज्यांचे तुटपुंजे निवृत्तिवेतन भाड्यालाही पुरत नाही, अशा वृद्धांचा हा वर्ग. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्याबरोबर हिंडून 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर क्लोई झाओ यांनी काढलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तो बोलपट आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

चार प्रश्न

जागा म्हटली की आपण जमिनीचा तुकडा एवढाच अर्थ घेतो. चाकांवरचा माणूस मात्र जागा पाहताना चार प्रश्न विचारतो. येथे किती दिवस राहू देतात? कामापासून किती लांब? पाणी आणि संडास कोठे? आणि अपरात्री काचेवर टकटक करून 'चल, ऊठ' म्हणण्याचा अधिकार कोणाला? भाड्याचा प्रश्न या चारांच्या मागून येतो. फुकट जागेचीही किंमत असते आणि ती या चार प्रश्नांच्या उत्तरांत भरावी लागते.

सरकारी रान

सर्वांत स्वस्त जागा सरकारी रानात. अमेरिकेच्या पश्चिम भागात मध्यवर्ती सरकारच्या मालकीची अफाट जमीन आहे. १९४६ साली स्थापन झालेले 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' नावाचे एक खाते आहे. एकट्या त्याच्या ताब्यात सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. वनखात्याकडे आणखी १९ कोटी ३० लाख एकर. या जमिनीवर, मनाई नसेल तेथे, कोणीही फुकट मुक्काम करू शकतो. पाणी नाही, दिवा नाही, केर उचलणारा नाही. आपले पाणी आपण आणावे आणि आपला केर आपण न्यावा.

मात्र मुदत आहे. या खात्याचा सर्वसाधारण नियम असा की २८ दिवसांच्या कालावधीत १४ दिवसच एका जागी राहावे, आणि मग निघावे. पुष्कळ ठिकाणी निदान २५ मैल दूर जावे लागते. वनखात्यातही बहुधा १४ दिवसांचाच दंडक आहे, पण वनागणिक तो बदलतो. म्हणून जाणता माणूस आधी त्या विभागाच्या कचेरीत जातो. मुदत किती, कोणत्या रस्त्यांवर गाडी नेता येते, विस्तव पेटविण्यास बंदी आहे काय, एवढे विचारून घेतो. वनखात्याचा मोटाररस्त्यांचा नकाशा फुकट मिळतो. तो जवळ असला की अर्धी भांडणे टळतात. पूर्वी कोणी उतरला असेल अशाच जागी गाडी लावावी, कोरे गवत तुडवू नये. ओढ्या-तळ्यापासून सुमारे २०० फूट अंतर ठेवावे. वाळवंटातील कोरड्या ओहोळात तर कधीच उतरू नये, कारण दूर डोंगरात पाऊस पडला तरी तेथे क्षणात लोंढा येतो.

दुसरी गोष्ट हवामानाची. पत्र्याच्या गाडीत उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही जीवघेणे. म्हणून हे लोक उंचीचा आश्रय घेतात. ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट हे वाळवंटातले गाव सुमारे ९०० फुटांवर आहे, आणि त्याच राज्यातले फ्लॅगस्टाफ सुमारे ७,००० फुटांवर. हिवाळ्यात खाली उतरायचे, उन्हाळ्यात वर चढायचे. आपले धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी देशावर परततात, त्यातले शहाणपण हेच. फरक इतकाच की धनगराच्या वाटेवर पिढ्यान्पिढ्यांचे ओळखीचे शेतकरी असतात. कळप शेतात बसवून घेण्याबद्दल ते त्याला धान्य देतात. मोटारीतल्या माणसाच्या वाटेवर असे कोणी नसते.

हंगामाची जागा

चौदा दिवसांची ही फेरी ज्याला नको, त्याच्यासाठी याच खात्याने १९८३ पासून ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात 'लाँग टर्म व्हिजिटर एरिया', म्हणजे दीर्घ मुदतीच्या मुक्कामाची ठिकाणे, ठरवून दिली आहेत. त्यांत क्वार्ट्झसाइटजवळचे ला पोसा आणि कोलोरॅडो नदीवरील इंपीरियल धरणाजवळचे ठिकाण ही प्रसिद्ध. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा हंगाम. अनेक वर्षे या संपूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलरला मिळत आला, आणि १४ दिवसांचा ४० डॉलरला. सात महिन्यांचे २१२ दिवस धरले तर दिवसाला ८५ सेंट पडतात. अमेरिकेत एवढ्या पैशांत चहाचा कपही येत नाही.

ला पोसा येथे पिण्याचे पाणी, मैला टाकण्याची सोय, केराची व्यवस्था आणि काही संडास आहेत. येथला एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या गाडीत स्वतःचा संडास व सांडपाण्याची टाकी आहे तिने कोठेही उतरावे. ज्या गाडीत ती सोय नाही तिने सार्वजनिक संडासापासून ५०० फुटांच्या आत उतरावे. साध्या मोटारीत राहणाऱ्याला जी जागा मिळते ती या ५०० फुटांतली. म्हणजे चाकांवरच्या जगातही बंगलेवाले आणि चाळवाले असा भेद आहेच, आणि चाळीत संडासाच्या शेजारची खोली कोणाच्या वाट्याला येते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

क्वार्ट्झसाइट गावची कायम वस्ती जेमतेम अडीच हजार. हिवाळ्यात मात्र आजूबाजूचे वाळवंट गाड्यांनी भरून जाते. बॉब वेल्स या गृहस्थांनी २०१० च्या सुमारास तेथे मोटारीत राहणाऱ्यांचा मेळावा भरवायला सुरुवात केली. गाडीत बिछाना कसा बांधावा, पाणी किती साठवावे, कोणत्या रानात किती दिवस राहता येते, याचे धडे तेथे जुने लोक नव्यांना फुकट देत. बंद गाडीत स्टोव्ह पेटविला तर विषारी वायूने झोपेतच माणूस मरतो, हेही तेथेच शिकविले जाई. आम्ही याला शाळा म्हणतो. कामगाराचे पुष्कळसे शिक्षण अशाच शाळांत होते.

सवलती आणि वर्गणीच्या जागा

रानाखेरीज मधल्या दर्जाच्या जागाही आहेत. ६२ वर्षे पुरी झालेल्या नागरिकाला राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात परवाना मिळतो. २०१७ साली त्याची किंमत १० डॉलरवरून एकदम ८० डॉलर झाली. तरीही तो घेणे फायद्याचे, कारण मध्यवर्ती सरकारच्या पुष्कळ मुक्कामस्थळांवर, विशेषतः लष्करी इंजिनियर खात्याने बांधलेल्या धरणांच्या काठी, या परवान्यावर निम्मा दर पडतो. न्यू मेक्सिको राज्यात अनेक वर्षे परराज्यातील माणसाला २२५ डॉलरमध्ये सबंध वर्षाचा मुक्काम-परवाना मिळे. एका उद्यानातून दुसऱ्यात फिरत राहायचे एवढीच अट. मध्य अमेरिकेतील शेतीप्रधान राज्यांत लहान लहान गावे आपल्या नगर-उद्यानात एक-दोन रात्री फुकट उतरू देतात. वाटसरूने गावात पेट्रोल-किराणा घ्यावा एवढीच अपेक्षा. खासगी मालकांचे गाडीतळ महिन्याच्या भाड्याने मिळतात. तेथे पाणी, वीज, न्हाणीघर असते. परंतु भाडे काही शे डॉलरांचे, आणि कित्येक ठिकाणी जुनी वा साधी मोटार आत घेतच नाहीत.

फुकट जागेचा हिशेब

आता कोणी म्हणेल, चोवीस कोटी एकर फुकट पडले आहेत, मग अडचण कसली? अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे : कामापासून किती लांब? आपण हिशेबच मांडू. समजा एक कामगार किमान वेतनावर आठवड्याला ४० तास काम करतो. त्याला २९० डॉलर मिळतात, तेही कापाकापीच्या आधी. फुकट रान कामापासून ५० मैलांवर आहे. जाऊन-येऊन दिवसाला १०० मैल, पाच दिवसांत ५०० मैल. गाडी गॅलनला २५ मैल धावते असे धरले तर २० गॅलन पेट्रोल लागले. साडेतीन डॉलर भावाने ७० डॉलर झाले. म्हणजे मजुरीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला, आणि महिन्याला सुमारे ३०० डॉलर 'फुकट' जागेपोटी पेट्रोलवाल्याला दिले. टायर झिजले ते वेगळेच, आणि रस्त्यात गेलेले तास कोणाच्याच हिशेबात नाहीत.

म्हणून ज्याला शहरात काम आहे तो रानात जात नाही. तो शहरातच, रस्त्याकडेला, दुकानाच्या आवारात, इस्पितळाच्या वाहनतळावर रात्र काढतो. वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीत कित्येक ठिकाणी रात्रभर गाडी लावू देतात. परंतु ते त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर आणि गावच्या नियमावर अवलंबून. तात्पर्य, जिथे जागा आहे तिथे काम नाही आणि जिथे काम आहे तिथे जागा नाही. सगळ्या प्रश्नाची गाठ येथे आहे.

शहराचे कायदे

शहरांनी ही गाठ कायद्याने तोडण्याचा प्रयत्न केला. लॉस एंजल्सने १९८३ मध्येच गाडीत राहणे हा गुन्हा ठरविला होता. २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने तो नियम रद्द केला. कारण असे दिले की, गाडीत 'राहणे' म्हणजे नेमके काय, हे त्या नियमावरून कोणालाच कळत नाही. सहलीची पथारी गाडीत ठेवणाराही त्यात सापडेल. शहराने मग वेगळ्या शब्दांत नवा नियम केला. माउंटन व्ह्यू या कॅलिफोर्नियातील शहरात २०२० साली मतदारांनीच अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करण्यास बंदी घातली. आणि २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला की, सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्याला, निवाऱ्यात जागा नसली तरी, दंड करणे ही घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. त्यानंतर अनेक शहरांना जोर चढला.

येथे आपल्या मुंबईच्या खटल्याची आठवण होणे साहजिक आहे. १९८१ साली फूटपाथवरील झोपड्या हटविण्याचे ठरले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि खुद्द फूटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि माणूस फूटपाथवर राहतो तो काम तेथून जवळ असते म्हणून. झोपड्या काढण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने काढून घेतला नाही. रीतसर सूचना मात्र आवश्यक ठरविली. म्हणजे त्या माणसांना हटविता आले, पण ती तेथे का आली हे निदान कागदावर मान्य झाले. ग्रँट्स पासच्या निकालात या कारणाला स्थान नाही.

बहुतेक मोठ्या शहरांत आणखी एक साधा नियम असतो : एका जागी ७२ तासांहून अधिक गाडी ठेवू नये. दिसायला निरुपद्रवी. पण गाडी नादुरुस्त झाली की तोच फास होतो. गाडी ओढून नेतात, नेण्याचे शुल्क वेगळे, ठेवण्याचे रोजचे वेगळे. सिॲटल शहरात २०१६ साली एका कारागिराची गाडी अशीच नेली. तो तीत राहत होता आणि त्याची हत्यारेही तीतच होती. घर, हत्यारे आणि रोजगार ही तिन्ही एका साखळीला बांधून नेण्यात आली. खटला वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली निकाल लागला की, माणूस राहतो ती गाडी कायद्याच्या दृष्टीने त्याचे घर होय, आणि त्याच्या ऐपतीबाहेरचा हा दंड अवाजवी होय. निकाल चांगला लागला. पण त्यासाठी पाच वर्षे लागली. हातावर पोट असणाऱ्याला पाच वर्षे थांबता येत नाही.

काही शहरांनी मात्र दुसरा मार्ग धरला. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे २००४ सालापासून 'सेफ पार्किंग', म्हणजे निर्धोक वाहनतळ, ही योजना चालू आहे. चर्चची, सरकारी कचेऱ्यांची, संस्थांची वाहनतळे रात्री ओस असतात. तेथे ठरलेल्या गाड्यांना संध्याकाळी येऊ द्यायचे आणि सकाळी निघायला सांगायचे. संडासाची सोय, थोडी देखरेख, आणि कायमचे घर शोधून देण्यास मदत. पुढे लॉस एंजल्स, सॅन दिएगो इत्यादी शहरांतही अशा योजना निघाल्या. नव्या इमारती न बांधता रिकामी जागा वापरात आणणारी ही युक्ती आहे. गरजेच्या मानाने जागा थोड्या पडतात, हा तिचा दोष.

श्रमाच्या बदल्यात जागा

जागा मिळविण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्याविषयी आम्हाला अधिक बोलावेसे वाटते. जंगलातील मुक्कामस्थळे सांभाळण्यासाठी रखवालदार लागतो. त्याला राहायला फुकट जागा मिळते. कोठे वर थोडा पगार, कोठे काहीच नाही. तो संडास धुतो, पावत्या फाडतो, रात्री भांडणे मिटवितो. ॲमेझॉन कंपनीने २००८ साली 'कँपरफोर्स' नावाची योजना काढली. नाताळाच्या गर्दीत गोदामांत मजूर कमी पडतात, म्हणून गाडीत राहणाऱ्या, बव्हंशी उतारवयाच्या माणसांना हंगामापुरते घ्यायचे आणि गाडीतळाचे भाडे कंपनीने भरायचे. काही वर्षांनी ती योजना कंपनीने बंद केली.

तिसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण ते साखरेचे आहे. अमेरिकेच्या उत्तरेस रेड नदीच्या खोऱ्यात बीटाची साखर होते. तेथील 'अमेरिकन क्रिस्टल शुगर' हा कारखाना १९७३ पासून बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्याच सहकारी मालकीचा आहे. आपल्या प्रवरानगरच्या कुळातलाच म्हणा ना. ऑक्टोबरात बीट काढणीला आली की बारा-बारा तासांच्या पाळ्यांत काम चालते. दूरदूरचे लोक आपल्या गाड्या घेऊन येतात आणि त्यांना पाणी-विजेसह गाडीतळाची जागा मिळते. काही आठवड्यांत हंगाम संपतो, की जागाही संपते. आमच्या डोळ्यांसमोर लगेच बीडचा ऊसतोड कामगार उभा राहतो : मुकादमाची उचल, बैलगाडीवर लादलेला संसार, फडाजवळची कोपी, आणि पट्टा पडला की परतीची वाट. दोन्हीकडे कारखाना सहकारी, दोन्हीकडे मुक्काम कामाला बांधलेला. उचलीचे ओझे तिकडे नाही आणि पाणी-वीज इकडे नाही, हा फरक आम्ही विसरत नाही. पण ज्याच्या हाती काम त्याच्याच हाती रात्रीची जागा, म्हणजे 'नाही' म्हणण्याची ताकद गेली, हे सूत्र दोन्हीकडे एकच. संघटित कामगारालाही ते सुटलेले नाही. याच अमेरिकन कारखान्याने २०११ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १,३०० कायम कामगारांपुढे टाळेबंदी केली आणि ती २०१३ पर्यंत चालली. पण त्या कामगारांना निदान स्वतःची घरे होती, म्हणून ते इतके दिवस दारात उभे राहू शकले. मालकाच्या गाडीतळावर राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी संपावर कसा जाईल?

पत्ता

एक गोष्ट राहिली. गाडीला क्रमांक असतो, पत्ता नसतो. आणि पत्त्यावाचून वाहनचालकाचा परवाना, विमा, मत, वेळेवर टपाल हे सारेच अवघड होते. आपल्याकडे रेशनकार्डासाठी झोपडपट्टीतील माणसाला किती हेलपाटे पडतात ते आम्ही पाहिले आहे, तीच कथा. तिकडे पैसे घेऊन टपाल पुढे पाठविणाऱ्या पेढ्या आहेत. साउथ डकोटा राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवून रहिवासाचा परवाना मिळे, म्हणून हजारो फिरत्या लोकांनी तेथला पत्ता घेतला. २०२३ साली त्या राज्याने मतदानासाठी मात्र ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. फिरत्या माणसाला हे जमणे कठीण. ज्याला मत नाही त्याच्या अडचणीची दाद कोणता नगरसेवक घेणार?

पूर्वी काय केले होते?

हा प्रश्न त्या देशाला नवा नाही. १९३० नंतरच्या दशकात मध्य अमेरिकेत अवर्षण आणि धुळीची वादळे झाली, आणि लाखो माणसे मोडक्या मोटारींवर गाद्या-भांडी बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजल्सच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन गरीब दिसणाऱ्यांना परतविले. राज्याबाहेरील निर्धनाला आत आणणे हा कॅलिफोर्नियात गुन्हाच होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली रद्द केला.

पण त्याच १९३६ साली आर्विन या गावाजवळ मध्यवर्ती सरकारने स्थलांतरित शेतमजुरांसाठी एक छावणी उभारली. स्टाइनबेक या कादंबरीकाराने आपल्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या १९३९ च्या कादंबरीत अशाच छावणीचे चित्र काढले आहे. तेथे महाल नव्हते. पाण्याचे नळ होते, संडास होते, अंघोळीची जागा होती. आणि राहणाऱ्यांनी निवडलेली समिती होती. स्वच्छता, भांडणतंटा, करमणूक हे सारे ती पाही. मळेवाल्यांना या छावण्या खुपत, कारण तेथे राहणारा मजूर मळ्यातील झोपडीवर अवलंबून नव्हता. मजुरी कमी सांगितली तर तो काम नाकारू शके, आणि रात्री झोपायला त्याची जागा शिल्लक असे.

सारांश, मोटारीत राहणाऱ्याला आज परवडणारी जागा हवी असेल तर कामाला बांधलेला नसलेल्याने रान आणि हंगामी ठिकाणे पाहावीत, वृद्धाने आपल्या सवलतीचा परवाना घ्यावा, शहरात काम असलेल्याने निर्धोक वाहनतळाची यादी मिळवून आधी नाव घालावे, आणि कामाच्या बदल्यात जागा घेणाऱ्याने तासांचा आणि मजुरीचा करार लेखी मागावा. एकेका माणसाला एवढे करता येते. पुढचे काम एकट्याचे नव्हे. ज्या शहराला सकाळी या माणसाचे श्रम हवे असतात, त्या शहराने रात्री त्याला चार चाकांपुरती जमीन, एक नळ, एक संडास आणि एक पत्ता द्यावा, ही मागणी कोणाला तरी मांडावी लागेल. आणि ती तेथे राहणाऱ्यांच्या समितीनेच मांडली पाहिजे.

आपल्या शहरातही रात्री हिंडून पाहावे. टॅक्सीत झोपलेला चालक दिसेल, हातगाडीवर अंग टाकलेला हमाल दिसेल, मालमोटारीच्या केबिनमध्ये पाय दुमडून निजलेला क्लीनर दिसेल. त्यांना विचारण्याचे प्रश्नही तेच चार आहेत. किती दिवस, किती लांब, पाणी कोठे, आणि उठवतो कोण? येत्या निवडणुकीत जो उमेदवार आपल्या दारी येईल त्याला यांतला एखादा तरी प्रश्न आपण विचारावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.